लिफ्टवरचा तिसरा माणूस

मुकुंदवाडी, १२ जून २०२५

रत्नमाला,

तुझ्या घराचं लोखंडी फाटक. गच्चीचा कठडा, दोन गजांत चार बोटांचं अंतर, पोराचं डोकं अडकू नये म्हणून. मंजुषाचा पाळणा, तोच पुढं संस्कृतीचा. तुझ्या सासूला न्हाणीत धरायला भिंतीतला दांडा. विहिरीवरची कप्पी. रामहरी दाजींच्या ट्रॅक्टरची ट्रॉली, जिचा एक टाका आजवर सुटलेला नाही. आप्पांची शेवटच्या वर्षातली चाकाची खुर्ची. हे सगळं मी माझ्या हातानं केलं. मला कुणी शिकवलं नाही. आणि यातल्या एकाही वस्तूवरून कधी कुणी पडलं नाही.

तुझा दादा कोण आहे हे तुला नव्यानं सांगायला लागू नये. तरी सांगतोय, कारण काल दाजी दुकानात आले आणि चहाला नको म्हणत उभ्या उभ्या तुझा निरोप देऊन गेले. "संस्कृतीचं लग्न माघात धरलंय. रत्ना म्हणती, केस मागं घ्या आन् मामा म्हणून या. नाय तर पोरीच्या मागं कडुबाला उभं करू."

कडुबाला! आपला चुलतभाऊ आहे, ठीक. पण ज्या माणसाला स्वतःच्या सायकलची चेन बसवता येत नाही, तो संस्कृतीच्या पाठीशी उभा राहणार. राहू दे.

तुझ्या फोनमध्ये माझा नंबर बंद केलास, म्हणून पोस्टानं लिहितोय. मुकुंदवाडीहून पुंडलिकनगर म्हणजे चालत किती? पण भावाबहिणीच्या मध्ये आता पोस्टमन लागतो. त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे.

केस मागं घे म्हणतेस, तर काय मागं घ्यायचं ते एकदा कागदावर येऊ दे. मंजुषाच्या लग्नात साहेबराव शेठच्या लॉनवर नवरा-नवरीची 'एंट्री' हायड्रोलिक लिफ्टवरून होती. खालून धूर, वरून पाकळ्या. नवरी एकटी कशी चढेल, तिच्या मागं मामा पाहिजे, हे कोण म्हणालं? तू म्हणालीस. "दादा, चढ. मामा नसला तर लोक तोंडात शेण घालतील." मी चढलो. पुरुषभर उंचीवर गेल्यावर लिफ्टनं एका अंगानं मान टाकली. मी मंजूला नवरदेवाच्या अंगावर ढकललं. तिला ओरखडा आला नाही, जावईबापूंचा पाय मुरगळला, आणि माझा डावा हात फळी आणि सांगाडा यांच्या मध्ये सापडला. व्हिडिओवाल्याला तेवढं छान मिळालं. 'मामा गिर गया' म्हणून ती फीत अख्ख्या जिल्ह्यानं बघितली, खाली ढोलकी लावून.

हातात प्लेट घातली, हात जोडला गेला. दवाखान्याचं बिल साहेबरावांनी भरलं. ते गावभर हे सांगतात, म्हणून मीही लिहितो, मी कुणाचं झाकत नाही. पण प्लास्टर निघाल्यावर मी त्याला म्हणालो, "शेठ, हात बरा झाला, पण काम होईना गेलंय." तेव्हा तो माझ्याकडं नाही, दाजींकडं बघून हसला. "म्हाताऱ्याच्या डोक्यात भीती बसली, त्याला आपण काय करणार? डोक्याला प्लेट बसत नसती."

तो साठीचा, केसाला कलप, मिशीला कलप, आणि चोपन्न वर्षांचा मी म्हातारा. मंजूचा तो चुलत सासरा, म्हणून तुला ते हसू ऐकू आलं नाही. मला आलं. ग्राहक आयोगात तीन लाखांची तक्रार मी हाताबद्दल केलेली नाही. त्या हसण्याबद्दल केली आहे.

कडुबाला उभं करणार असशील तर आधी त्याला सरळ उभं राहायला शिकव.

सोनाजी


मुकुंदवाडी, ३ जुलै २०२५

रत्नमाला,

उत्तर नाही आलं. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितो, कारण तुला वाटत असेल दादा कोर्टकचेरीत मजा मारतोय.

माझ्या वकील गजाला मॅडम, अदालत रोडवर बसतात. माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलणं दांडपट्ट्यासारखं. तक्रार दाखल करायच्या आधी मी स्वतः कायद्याची दोन पुस्तकं वाचून बावीस पानांचा अर्ज लिहून नेला होता. त्यात लिफ्टची प्रत्येक पिन, तिची जाडी, ती किती पाहिजे होती, आकृतीसकट. दोष पिनेचा, हे मी सिद्ध करून दिलं होतं. मॅडमनी तो गठ्ठा हातावर तोलला आणि परत दिला. "सोनाजीकाका, हे इंजिनिअरिंग कॉलेजला द्या. पास करतील."

मग त्यांनी त्यांचा मसुदा दिला. चार पानं. तिसऱ्या पानावर असं: 'अपघातापासून तक्रारदारास झोप लागत नाही. तो दचकून उठतो. त्याचा स्वतःवरील विश्वास उडाला असून तो आपला व्यवसाय करू शकत नाही. त्यामुळे त्यास तीव्र मानसिक त्रास झाला आहे.'

मी विचारलं, "हे कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मी असा नाही."

"बरं. हात जोडला गेला. बिल त्यांनी भरलं. आणि तुम्ही असे नाही. मग आयोगापुढं मी मागू काय? शाल-नारळ?"

मी लाल पेन काढलं आणि त्या चार ओळींवर रेघ मारली. त्या जागी लिहिलं, 'तक्रारदाराच्या कारागिरीचा अपमान झाला.' मॅडमनी ते वाचून चष्मा काढला, डोळे पुसले. रडत नव्हत्या.

शेजारच्या गाळ्यातला फारूख, स्प्रे-पेंटवाला, त्याला कसं कळलं कोण जाणे. दिवसभर येताजाता तेच. "सोनाजीभाई, मेंटल का केस डाले क्या तुम? मेरेकू बोलते तो सर्टिफिकेट फुकट में देता था." तुझी वहिनी आतून हसते. माझ्या घरात माझ्यावर हसायला आता तिकीटसुद्धा लागत नाही.

कामाचं म्हणशील तर दुकान रोज उघडतो. लेथ पुसतो, तेल घालतो. ऑर्डरी आहेत. सगळं व्यवस्थित आहे.

सोनाजी


मुकुंदवाडी, २० ऑगस्ट २०२५

रत्नमाला,

अभिनंदन. तुझी सही छान येते. मीच शिकवली होती, पाटीवर.

साहेबरावांनी आयोगात लेखी म्हणणं दिलं, त्याला तुझं प्रतिज्ञापत्र जोडलंय. मला मॅडमनी वाचून दाखवलं. मी म्हणालो, परत वाचा. मग मी स्वतः वाचलं.

त्यांचं म्हणणं असं की लिफ्ट दोघांची होती आणि मी तिसरा माणूस 'रूढीच्या नावाखाली' चढलो. वजन किती चालतं याची पाटी कुठं होती, हे त्यांना विचारायला नको. चालवणाऱ्या पोराला मी विचारलं होतं, तो म्हणाला, "चार जण आरामात, काका." असो. नवरा, नवरी आणि मामा, ही तीन माणसं लग्नात असतात हे लग्नाचा धंदा करणाऱ्याला माहीत नाही! उद्या म्हणेल, भटजीही जास्तीचा होता.

त्यांच्या तज्ज्ञाचा अहवालही आहे. पिना सगळ्या शाबूत. फुटला तो तेलाचा होज पाइप, मागच्या बाजूचा. मला पटलं नाही. फोटो आणवले. भिंग लावून बघितले. पाइपच फुटलाय. माझी बावीस पानं चुलीत घालायच्या लायकीची निघाली. गजाला मॅडमनी नुसती फाइलची दोरी बांधली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुझं. तू लिहून दिलंस: 'माझ्या विनंतीवरून माझे बंधू सोनाजी यांनी समारंभापूर्वी लिफ्ट स्वतः तपासली व ती ठीक असल्याचे मला सांगितले.'

खरं आहे. अक्षर न् अक्षर खरं. हात धुवायच्या नळापाशी तू मला गाठलंस, म्हणालीस, "दादा, तुझा डोळा फिरव एकदा, म्हंजी मी निवांत." मी कोट काढला, खाली घुसलो. पिना बघितल्या, वेल्डिंग बघितलं, बुश बघितले. पाइपाच्या बाजूला साटनचं कापड टाचण्यांनी टाचलेलं होतं. मी ते उचकटायला लागलो, तर डेकोरेशनवाला ओरडला, कापड काढलं तर सगळी फुलं उतरतील म्हणून. मी म्हणालो, उतरू दे. आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ दे दादा, मुहूर्त टळतोय."

ते कोण होतं, रत्ना?

ते प्रतिज्ञापत्रात नाही. जागा पुरली नसेल.

मॅडम म्हणतात, आपण उलट प्रतिज्ञापत्र देऊ, बहिणीनंच थांबवलं म्हणून. त्यांचा सगळा डोलारा कोसळेल. मी म्हणालो, ते लिहायचं नाही. का, म्हणाल्या. मी म्हणालो, तुम्ही वकील आहात, तुम्हाला भाऊ असेल-नसेल, मला माहीत नाही.

बहिणीला आयोगासमोर उघडं पाडायला मी साहेबराव नाही. पण तू वाचतेयस ना हे? फाडण्याआधी एवढं वाच.

सोनाजी


मुकुंदवाडी, १४ सप्टेंबर २०२५

रत्नमाला,

मला वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं. मॅडम म्हणाल्या, अहवालाशिवाय मानसिक त्रास म्हणजे नुसती रडकथा. डॉक्टर ताहेरा. भिंतीवर समुद्राचं चित्र. आपल्याकडं समुद्र कुठाय? पेशंटला शांत वाटावं म्हणे.

"काका, झोप लागते?"

मी म्हणालो, "तुमच्या टेबलाचा पुढचा डावा पाय अर्धा सूत आखूड आहे. डुगडुगतंय."

त्यांनी वाकून बघितलं. "टेबल डुगडुगत नाहीये, काका. तुम्ही आल्यापासून ते दोन्ही हातांनी धरून बसलाय. पडेल म्हणून."

मी हात काढले. टेबल हललं नाही.

मग मी त्या समुद्राच्या लाटा मोजल्या. अगदीच भिकार चित्र. लाटा सगळ्या एका मापाच्या.

तुला सांगायला हरकत नाही, तू काही बोलणार नाहीस. जुलैच्या पत्रात ऑर्डरी आहेत लिहिलं. आहेत. सगळ्या दुकानातच आहेत. काम होतं माझ्या हातून. शाफ्ट कापतो, घासतो, माप घेतो, बरोबर येतं. कापडात गुंडाळतो. मग वाटतं, एकदा परत बघावं. सोडतो, मापतो, बरोबर येतं. गुंडाळतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि माझ्या हातून ती वस्तू सुटत नाही. फारूखनं त्याच्या कॉम्प्रेसरची पुली करायला दिली होती. ती होऊन पडली आहे. चारदा न्यायला आला. पाचव्यांदा त्यानं माझ्या हातातून ओढली आणि मी सोडेना. आम्ही दोघं म्हाताऱ्या बायकांसारखे एका पुलीवरून ओढाताण करत होतो. त्यानं हात सोडला. चेष्टा केली नाही. "रख लो भाई, मेरेकू जल्दी नहीं," म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून त्यानं मेंटलचा विनोद केलेला नाही. मला तो विनोद चालला असता.

मी बघितलेलं होतं ना, रत्ना. एवढंच डोक्यात फिरतं. हात दुखत नाही. मी बघून सांगितलं होतं की ठीक आहे, आणि पोरगी वर होती.

गजाला मॅडमना म्हणालो, त्या चार ओळी परत घाला. त्या म्हणाल्या, "काढल्याच नव्हत्या. तुमची लाल रेघ फक्त तुमच्या कॉपीवर होती." बघ, काय काय माणसं असतात.

सोनाजी


मुकुंदवाडी, २४ ऑक्टोबर २०२५

रत्नमाला,

भाऊबीजेला तू आली नाहीस. करंज्यांचा डबा पाठवलास. सारण नेहमीसारखं जास्त भरलंस, निम्म्या फुटल्या. तरी खाल्ल्या.

डबा घेऊन संस्कृती स्कूटीवर आली हे तुला माहीत आहे. ती दुकानात दीड तास बसली हे कदाचित माहीत नसेल. तुझ्या वहिनीनं तिला पुरणाची पोळी खाऊ घातली. मग ती माझ्या स्टुलावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, आणि म्हणाली, "मामा, तू लई पत्रं लिहितो म्हणं."

"कोण म्हणतं?"

"मम्मी रात्री देवघरात बसून वाचती. पप्पांना वाटतं पोथी हाय."

मी माप घ्यायचा व्हर्नियर पुसत राहिलो.

मग तिनं सांगितलं की लग्न साहेबराव काकांच्याच लॉनवर ठरतंय. मी तिच्याकडं असं बघितलं की ती स्टुलावरून उतरली. "मामा, ओरडू नको ना. सासरच्यांनाच एंट्री पायजे लिफ्टवरून. नवी आणलीय त्यांनी. माझ्या नणंदेनं गाणंपण काढून ठेवलंय."

"आणि तुला?"

"मला भ्या वाटतं. ताईचा व्हिडिओ मी दोनशे वेळा बघितलाय." मग म्हणाली, "पण तू मागं आसशील ना, तर चढते मी. तू बघितलेलं आसलं म्हंजी मग काय."

रत्ना, ती हे सहज बोलली. पोळीचा शेवटचा तुकडा तोंडात घालत.

आप्पा मेंढरं घेऊन निघाले की मला कळपाच्या मागं ठेवायचे, तुला आठवत नसेल, तू तेव्हा आईच्या कडेवर. लंगडी, गाभणी, दमलेली मेंढी मागंच राहते, तिला बघायला डोळा लागतो म्हणायचे. माझा तो डोळा आहे असं त्यांना वाटायचं. संस्कृतीलाही वाटतं. तुलाही वाटलं होतं, नळापाशी.

तिला मी म्हणालो, बघू. ती गेल्यावर स्टूल उलटं करून त्याचे पाय तपासले. वहिनी दारात उभी राहून बघत होती. हसली नाही. या घरात हल्ली कुणी हसेना झालंय.

सोनाजी


मुकुंदवाडी, ११ जानेवारी २०२६

रत्नमाला,

काल लॉनवर तू दाजींच्या गाडीत बसून होतीस. काच वर होती. मी तुला बघितलं, तू पदर सारखा केलास. आत ऑफिसात काय झालं ते दाजींनी तुला त्यांच्या पद्धतीनं सांगितलं असेल, म्हणजे निम्मं. पूर्ण मी सांगतो.

साहेबरावांनी मला 'मामासाहेब' म्हटलं. बसायला खुर्ची, तीही गादीची. बदाम घातलेलं दूध. तेव्हाच मला कळलं की याच्या तारखा रिकाम्या चालल्यात. ती फीत अजून फिरते आहे, आणि मुलींचे बाप लॉन बघायला आले की आधी लिफ्टकडं बघतात, मग परत जातात. माझ्या पडण्याची त्याला माझ्यापेक्षा जास्त बाधा झालेली दिसली. फरक एवढाच की त्याच्या त्रासाला कुणी मानसिक म्हणत नाही, धंद्याचं नुकसान म्हणतात, आणि त्याला कुणी हसत नाही.

"मामासाहेब, झालं गेलं गंगेला मिळालं," तो म्हणाला. "संस्कृतीचं लग्न आपल्याच लॉनवर. भाडं माफ. तुम्ही तिच्या मागं लिफ्टवर उभं ऱ्हायचं, मानानं. शूटिंग आपण करू, सगळीकडं जाऊ देऊ. लोक म्हणतील, बघा, तोच मामा, तीच लॉन." आणि एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. त्यात दोन गोष्टी. एक, मला आता कोणतीही भीती किंवा मानसिक त्रास उरलेला नाही, तक्रार मागे घेत आहे. दोन, नवीन लिफ्ट मी स्वतः तपासली असून ती सुरक्षित आहे.

दाजी म्हणाले, "करा सही, सोनाजीराव. रत्ना बाहेर बसलीय. कडुबाला मी आजच सांगतो, तुझं काम नाय म्हणून."

मी म्हणालो, आधी लिफ्ट दाखवा.

मोठ्या झोकात दाखवली. मी कोट काढला, बॅटरी घेतली, खाली गेलो. कापड कुठंही नव्हतं. पिना, वेल्डिंग, बुश. होज पाइप नवा, दोन्ही टोकांचे क्लॅम्प घट्ट, खाली आडवा आधार दिलेला, म्हणजे पाइप फुटला तरी फळी बसणार नाही. काम चांगलं होतं. मला वाईट निघायला हवं होतं, पण चांगलं होतं. बाहेर आलो. परत गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेबराव त्याच्या माणसाकडं बघून हसला. तेच जुनं हसू.

"सापडली का चूक?"

"नाही."

"मग लिहा की ठीक आहे म्हणून."

पेन माझ्या हातात होतं. हात लोखंडासारखा होता. पण ठीक आहे हे दोन शब्द माझ्याकडून होईनात. चूक सापडली तर मी बोलू शकतो. सापडली नाही तर मला बोलता येत नाही, कारण मागच्या वेळीही सापडली नव्हती.

मी त्याला म्हणालो, "शेठ, तुम्ही म्हणाला होतात ना, डोक्यात भीती बसली म्हणून? ही. बघून घ्या. फुकट दाखवतोय."

तो हसायचा थांबला, असं वाटू देऊ नकोस. हसतच होता. त्याच्यासारख्या माणसाचं हसू थांबवायला मी गेलोच नव्हतो. पण दाजी खाली बघायला लागले.

मी ती सही केली असती तर संस्कृतीच्या मागं माझी जागा होती, आणि पोरगी त्या फळीवर माझ्या भरवशावर चढली असती. ती जागा मला किती हवी आहे, हे लिहायला मला लाज वाटते, म्हणून लिहीत नाही. पण जो भरवसा माझ्याजवळ नाही, तो मी तिला पाठीमागून उभा राहून विकणार नाही. तिला म्हणावं, जमिनीवरून चालत ये. नणंदेचं गाणं जमिनीवरही वाजतं. तशी आली तर मी मागं उभा राहीन, बोलावलंस तर. आणि कडुबालाच उभं करणार असशील तर मी कडुबाच्या मागं उभा राहीन. तो कुणाच्या अंगावर पडला तर निदान धरायला कुणी हवं.

नळापाशी तू जे बोललीस ते मी कुठंही लिहून दिलेलं नाही, देणार नाही. मॅडम म्हणतात, त्यामुळे केस कमजोर होते. होऊ दे. दोघांनी बघितलं होतं, दोघांनी कापड तसंच राहू दिलं; ते आपल्या दोघांत राहील. फक्त देवघरात पोथी म्हणून माझी पत्रं वाचू नकोस. दाजींना सांग काय आहे ते.

पुढची तारीख मार्चमध्ये आहे. फारूखची पुली अजून माझ्याकडं आहे.

साहेबरावाचा कागद मी घडी न घालता तसाच टेबलावर ठेवला, पेनाला टोपण लावलं, दूध अर्धं ठेवलं. मी आयोगापुढं मागितले होते तीन लाख. त्या एका सहीसाठी तो रोख देत होता, तिथल्या तिथं, पाच लाख रुपये.

सोनाजी